अडीच गुंठे आणि एक फावडं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले अडीच महिने लेकीकडे लेस्टरला होते, तिथे लिहिणं झालंच नाही. "यावेळी प्रवासवर्णन लिही, राणीचा राजवाडा वगैरे," असं धाकट्या बहिणीने बजावलं होतं. राजवाडा काही पाहिला नाही. जे पाहिलं ते म्हणजे अडीच गुंठे जमीन, तीही चिखलाची. त्यामुळे हे प्रवासवर्णन नाही. इतिहासाच्या बाईंनी निवृत्तीनंतर घेतलेला एक जादा तास समजा हवं तर.

झालं असं, की २०२४ च्या मार्चमध्ये लेकीला नगरपालिकेकडून 'अलॉटमेंट' मिळाली. तीन वर्षांपूर्वी तिने यादीत नाव घातलं होतं आणि ती विसरूनही गेली होती. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. घराला लागून नसतो, गावाबाहेर किंवा रेल्वेरुळाच्या कडेला अशा पन्नास-शंभर तुकड्यांची रांग असते. मी एप्रिलमध्ये पोचले तेव्हा त्या तुकड्यावर कमरेएवढी काटेरी झुडपं होती आणि घरात जावई बसून होते. फेब्रुवारीत त्यांची नोकरी गेली होती. (हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिहा, त्यात लपवण्यासारखं काय आहे," असं म्हणाले. नातेवाईक मंडळींनी कृपया फोन करून सांत्वन करू नये.)

पहिल्या दिवशी लेकीने जमिनीचा कागद दाखवला. त्यावर क्षेत्रफळ होतं '१० रॉड'. आता रॉड म्हणजे काय? साडेसोळा फूट लांबीची एक जुनी काठी, आणि तिचा चौरस म्हणजे एक चौरस रॉड. मी सवयीने कागदाच्या मागे गणित मांडलं आणि उत्तर पाहून हसूच आलं. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. साडेसोळाच्या दुप्पट तेहतीस. म्हणजे एका गुंठ्यात बरोबर चार रॉड, एकराचे चाळीस गुंठे आणि एकराचेच एकशेसाठ रॉड. दहा रॉड म्हणजे नेमके अडीच गुंठे! आपल्याकडचा आजचा गुंठा इंग्रजी अमलातल्या मोजणीनेच पक्का झालेला, तेव्हा ते जुळणारच. पण सातबाऱ्यावर आयुष्यभर पाहिलेलं माप लेस्टरच्या कागदावर दुसऱ्या नावाने भेटलं, की गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

तर हे तुकडे आले कुठून? आज तिथे सुटाबुटातली माणसं रविवारी वांगी-टोमॅटो लावतात म्हणून हा हौसेचा प्रकार वाटतो. मुळात तो भुकेतून आलेला आहे. इंग्लंडच्या खेड्यांत पूर्वी गायरानं असायची. गरिबाची गाय तिथे चरायची, सरपण तिथून यायचं. पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून ही जमीन कुंपणात घातली. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि ६८ लाख एकरांच्या आसपास जमीन त्यांत गेली. त्यांतला मोठा भाग १७५० नंतरच्या शंभरेक वर्षांतला. ज्याच्याकडे कागद होता त्याला वाटा मिळाला, ज्याच्याकडे फक्त वहिवाट होती तो मजूर झाला. १८३० मध्ये या मजुरांनी दक्षिण इंग्लंडमध्ये मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक पुढाऱ्याच्या सहीने जमीनदारांना धमकीची पत्रं जायची. त्यानंतर अनेक जमीनदारांना एकदम सुचलं, की मजुराला थोडीशी जमीन भाड्याने दिलेली बरी, म्हणजे पोटात काही जाईल आणि डोकं थंड राहील.

देताना अटी घातल्या, त्या वाचण्यासारख्या आहेत. रविवारी काम करायचं नाही, चर्चला जायचं. गुन्ह्यात सापडला तर जमीन परत. आणि अनेक ठिकाणी आणखी एक अट, की नांगर चालवायचा नाही, जमीन स्पेडनेच खणायची. स्पेडने खणलेली जमीन जास्त पिकते असं तेव्हाच्या सुधारकांचं ठाम मत होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण शेतकऱ्यांची, म्हणजे या मजुरांच्या मालकांची, तक्रार वेगळीच होती. हा गडी सकाळी स्वतःच्या तुकड्यात खणून दमला, तर आमच्या शेतात काय काम करणार? दुसऱ्याचं दमणं हीसुद्धा आपलीच मालमत्ता आहे असं मानणारी माणसं सगळ्या देशांत असतात. असो.

पुढे १८८७ मध्ये कायदा झाला आणि १९०८ मध्ये त्याहून पक्का. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर जमिनीचा विचार करणं स्थानिक संस्थेला भाग पडलं. उपकार होता तो हक्क झाला. १९२२ च्या कायद्याने तर व्याख्याच करून टाकली, चाळीस रॉडपर्यंतचा तुकडा, मुख्यतः घरच्या खाण्यासाठी भाजी आणि फळं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी असे तुकडे पंधरा लाखांच्या आसपास गेले होते, दुसऱ्या महायुद्धात 'डिग फॉर व्हिक्टरी'ची हाक दिल्यावर चौदा लाख. आज सगळे मिळून सव्वातीन-साडेतीन लाख असतील, आणि रांगेत उभी असलेली माणसं वेगळी.

हे सगळं खरं, पण जमीन मिळाली म्हणजे शेती झाली असं नसतं. आमच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो हत्याराचा.

एकाच पगारावर चाललेलं घर. लेकीने यादी केली: स्पेड, फोर्क, हो, दांताळं, हातखुरपी, झारी, कात्री, एकचाकी गाडा. चांगल्या दुकानात नुसत्या स्पेडला तीस-चाळीस पौंड. तिने हिशेब केला आणि यादी घडी करून ठेवून दिली. मग एका मोठ्या दुकानात स्पेड, फोर्क आणि खुरपी असा संच पंचवीस पौंडांत मिळाला. हिरवा रंग, चकचकीत, मुठीवर रबर. तिथली माती चिकण, आपल्या काळ्या रानासारखीच ओली असताना सोडत नाही आणि वाळली की ऐकत नाही. चौथ्या दिवशी फोर्कचे दोन दात वाकले. सहाव्या दिवशी खुरपीची मान मोडली. जावई ती वाकलेली फोर्क हातात घेऊन बराच वेळ नुसते उभे होते. नोकरी गेल्यापासून माणूस अशा वेळी फक्त फोर्ककडे पाहत नसतो, हे मला कळत होतं, पण बोलले नाही.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. हत्यार स्वस्त की महाग हे किमतीवरून ठरत नाही, घडणीवरून ठरतं. पातळ पत्रा साच्यात दाबून केलेलं पान आणि तापवून, ठोकून घडवलेलं पान यांत फरक असतो. चांगल्या स्पेडमध्ये पान आणि दांडा धरणारी खोबण एकाच पोलादाची असते. काहींत तर पोलादाच्या दोन पट्ट्या दांड्यावर पुढून-मागून बऱ्याच वर चढवून रिव्हेट मारलेल्या असतात. जोर नेमका पडतो तो पान आणि दांडा जुळतात तिथे. दांडा ॲश नावाच्या झाडाचा, कारण त्या लाकडाचा धागा लांब आणि सरळ, धक्का सोसतो, चटकन तुटत नाही. आपल्याकडे बाभळीचा दांडा का घालतात, त्याचंही उत्तर तेच. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारं पोलाद शोधलं, आणि आता तिथल्या दुकानांत चकाकणाऱ्या स्पेडचा मोठा रुबाब आहे. चिकट माती त्यावरून लवकर सुटते हे खरं. पण जुनं साधं पोलाद वापरून वापरून आरशासारखं होतं, त्यालाही माती चिकटत नाही. फक्त पुसून ठेवायचा आळस नको.

आणि जुनं हत्यार तिथे मिळतं बरं का! रविवारी सकाळी मैदानात लोक आपल्या गाड्या उभ्या करतात, डिकी उघडतात आणि घरातल्या नकोशा वस्तू मांडून बसतात. आपल्या जुन्या बाजारासारखंच, फक्त ओरडा नाही. तिथे गंजलेल्या हत्यारांची टोपली दोन-तीन ठिकाणी तरी असतेच. आजोबा गेले, शेड रिकामी केली, अशी बहुतेकांची कहाणी. मी आणि जावई तीन रविवार गेलो. मी काय पाहत होते ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. दांड्याला बारीक भोकं आहेत का, म्हणजे किडा लागलाय का. पान बोटाने टिचकी मारून वाजवायचं, चीर असेल तर बद्द वाजतं, आपण मडकं वाजवून घेतो तसंच. रिव्हेट हलतात का. फोर्कचे दात समोर धरून एका रेषेत आहेत का. वरचा गंज पाहून घाबरायचं नाही, तारेच्या ब्रशने तो जातो. पण गंजाने खड्डे पडले असतील तर मात्र ठेवून द्यायचं. अशा रीतीने अकरा पौंडांत एक फोर्क, एक दांताळं आणि एक हो जमली. जवसाचं तेल दांड्यांना पाजलं. (माझी आई बैलगाडीच्या जुवाला पाजायची तेच.) चांगली स्पेड मात्र मिळेना.

स्पेडवरून आमच्यात एक वादही झाला. जावई म्हणाले, "आई, तुम्हाला स्पेड धरता येत नाही." खरंच येईना. सरळ दांडा, उभं पान, त्यावर पाय ठेवून दाबायचं आणि मग कमरेने उचलायचं. आपलं फावडं पानाशी काटकोनात वळलेलं, ते वरून मारायचं आणि स्वतःकडे ओढायचं. दोन देशांनी एकच माती उलटवण्याची दोन वेगळी रूपं का काढली असतील? मला वाटतं, याचं अर्धं उत्तर पायात आहे. स्पेड पायाने दाबायची, म्हणजे पायात जाड तळव्याचा बूट हवा. ज्याच्या पायात वहाणही नाही, त्याने ती दाबली तर तळव्याला चीर जाईल. अनवाणी माणसाचं हत्यार फावडंच, त्याचा सगळा जोर खांद्यात आणि पाठीत. आयर्लंडमध्ये तर कोणता माणूस कोणत्या पायाने खणतो हे स्पेडच्या घडणीप्रमाणे गावोगाव बदलायचं, आणि त्यावरून पुढे 'हा दुसऱ्या पायाने खणतो' म्हणजे 'हा दुसऱ्या पंथाचा' असा वाक्प्रचारही रूढ झाला. माणसं भांडायला काय काय शोधतात!

फावडं हा शब्दसुद्धा इंग्रजांनी जाताना बरोबर नेला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो 'फावरा' म्हणून नोंदला आहे. त्याहून गंमत म्हणजे बर्मिंगहॅम-वुल्व्हरहॅम्प्टन भागातले लोखंडी कारखाने भारतासाठी खास फावडी आणि कुदळी घडवत, आणि त्यांच्या मालाच्या याद्यांत ती 'पॉवरा' आणि 'कोदाली' अशाच नावांनी असत. वेन्सबरीचे एलवेल, ओल्डबरीचे ब्रेड्स, वुल्व्हरहॅम्प्टनची मगर छाप असलेली चिलिंग्टन, ही त्यांतली मोठी नावं. चहाच्या मळ्यांत, रेल्वेच्या भरावावर, कालव्यांवर हीच हत्यारं चालली. म्हणजे आपल्या मजुराच्या हातातलं फावडं लेस्टरपासून दीड तासाच्या अंतरावर घडलेलं असायचं, आणि ज्याने ते घडवलं तो स्वतः बागेत कधी ते वापरत नसे, तो स्पेड वापरत असे! १९२० च्या दशकात जमशेदपूरला टाटांनी 'ॲग्रिको'ची हत्यारं काढली, तेव्हा कुठे त्या मालाला इथला तोलामोलाचा स्पर्धक मिळाला.

आता कुणी म्हणेल, गावचा लोहार होता ना? होता. आणि ती व्यवस्था हत्याराच्या बाबतीत फार शहाणी होती. लोहार बलुतेदार. वर्षभर कुळव, विळे, खुरपी शेवटून द्यायची, आणि खळ्यावर त्याने आपलं बलुतं धान्यात घ्यायचं. धार लावायला हातात रोकड लागत नसे. पण हे बलुतं कुणाकडून? ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडून. बिनजमिनीच्या माणसाला लोहाराच्या दारात पैसेच मोजावे लागत. जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना आपण हे सोयीने विसरतो.

शेवटी स्पेड मिळाली ती विकत नाही, उसनी. आमच्या शेजारच्या तुकड्यावर एक बाई यायच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, मूळच्या वेल्सच्या. आमची कसरत त्या आठवडाभर पाहत होत्या. एक दिवस त्यांनी शेडमधून एक जुनी स्पेड आणून जावयांच्या हातात दिली. पान झिजून मुळातल्यापेक्षा तीन बोटं तरी आखूड झालेलं, दांडा बदललेला. "आमच्याकडे हिला क्वेकरांची स्पेड म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांचे वडील ऱ्होंडाच्या खोऱ्यात खाणकामगार होते. यापलीकडे त्यांना ठाऊक नव्हतं. क्वेकर म्हटलं की आपल्याला ओट्सचा डबा आठवतो. (त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही, नुसतं नाव उचललंय.) मला मात्र त्या नावाने रात्री झोप येईना. नातवाला कॉम्प्युटरसमोर बसवून शोधायला लावलं, ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणवली. जे सापडलं ते असं.

१९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये नऊ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. बाकीचे कामावर परतले, खाणकामगार मात्र कमी मजुरी आणि जास्त तास मान्य नाहीत म्हणून नोव्हेंबरपर्यंत बाहेर राहिले आणि हरले. त्यानंतर दक्षिण वेल्समधल्या खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या. 'सोसायटी ऑफ फ्रेंड्स' म्हणजेच क्वेकर पंथाची काही माणसं तिथे मदतीला गेली. एमा नोबल आणि विल्यम नोबल या जोडप्याने १९२७ मध्ये ऱ्होंडात ट्रेॲलॉ इथे 'माइस-अर-हाव' हे केंद्र उघडलं. तिथे त्यांना दिसलं, की माणसांकडे अलॉटमेंटचे तुकडे आहेत, वेळ तर नको इतका आहे, पण तुकडे ओस पडताहेत. बटाट्याचं बियाणं घ्यायला पैसे नाहीत. हत्यारं मोडली तर नवी घ्यायची ऐपत नाही, काहींनी तर विकून खाल्ली.

क्वेकरांनी धान्य वाटायचं सोडून बियाणं, खत आणि हत्यारं पुरवायला सुरुवात केली. फुकट नाही, आणि माझ्या मते सगळी हुशारी इथे आहे. बेकारांनी आपापले गट करायचे, गटाने मागणी एकत्र नोंदवायची, आणि किमतीतला आपला वाटा दर आठवड्याला पेनी-पेनीने जमा करायचा. उरलेलं देणग्यांतून. घाऊक खरेदीमुळे माल चांगला आणि स्वस्त. माणूस हात पसरायला येत नव्हता, हप्ता भरायला येत होता. या कामाच्या मागे जोन मेरी फ्राय ही साठी उलटलेली बाई होती. चित्रकलेचे नामांकित समीक्षक रॉजर फ्राय यांची ही बहीण. खेडोपाडी, खाणीच्या वस्त्यांतून ती फिरत राहिली. १९३० मध्ये मजूर सरकारने ही योजना स्वतःकडे घेतली, ती वाढलीही, पण १९३१ चं आर्थिक संकट आलं आणि काटकसरीच्या कात्रीत पहिल्यांदा सापडली तीच! क्वेकरांनी ती परत आपल्या अंगावर घेतली. बेकारांचा आकडा तीस लाखांजवळ पोचला होता त्या दिवसांत वर्षाला लाखभर माणसांना या योजनेतून मदत मिळत होती. जोनबाईंनी वीस वर्षांच्या या कामाची हकीकत १९४७ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली, तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या होत्या. (माझे ब्लॉगवाले मित्र 'आता वय झालं, लिहवत नाही' म्हणतात, त्यांनी नोंद घ्यावी.)

शेजारच्या बाईंची स्पेड खरोखर त्याच योजनेतली का, याला कागदाचा पुरावा नाही. घरातल्या नावाचा आहे. इतिहासाच्या परीक्षेत मी त्याला अर्धा गुण दिला असता.

हे वाचताना मला सारखं १९७२ आठवत होतं, आणि आता जे लिहिते आहे ते घरातही फारसं कुणाला सांगितलेलं नाही. बी.ए. होऊन नुकतीच नोकरीला लागले होते, सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. दुष्काळाचं ते साल. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं, अशी दुष्काळी कामं निघाली होती. पुढे १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. सातवीचा माझा वर्ग निम्मा रिकामा झाला होता. आमच्याकडच्या कामावर घमेलं-कुदळ ज्याची त्याने आणावी असं असे. एक मुलगा, अभ्यासात बरा, सकाळी प्रार्थनेआधी आला आणि म्हणाला, "बाई, शाळेची कुदळ द्या. घरात एकच हाय, ती बा नेतो. आईला मुकादम हत्याराबिगर उभं करत न्हाई. काम बंद झालं की आणून देतो."

शाळेत बागेसाठी दोन कुदळी होत्या. बाग कधीच वाळून गेली होती. पण त्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवलेल्या, आणि रजिस्टर माझ्याकडे. नवी नोकरी, तपासणी जवळ आलेली. मुख्याध्यापकांना विचारायचंही मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. मी म्हटलं, "शाळेची वस्तू अशी देता येत नाही रे." तो "बरं बाई" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. ते कुटुंब कारखान्याकडे गेलं असं नंतर कळलं. तपासणीला साहेब आले तेव्हा दोन्ही कुदळी जागेवर होत्या आणि त्यांनी रजिस्टरवर खूण केली.

लेस्टरच्या त्या शेडसमोर जावयांनी मला विचारलं, "आई, एवढं काय पाहताय स्पेडमध्ये?" तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र अंधार पडेपर्यंत खणत राहिले. उन्हाळ्यात तिथे साडेनऊ वाजता अंधार पडतो, म्हणजे विचार करा.

जून संपता संपता मी परतले. निम्म्या तुकड्यात बटाटे होते, कडेने घेवडा, आणि माझ्या हट्टाखातर मेथीचे दोन वाफे. जावयांना ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचं काम मिळालं, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. रविवार मात्र तुकड्यावरच जातो. शेजारच्या बाईंची स्पेड तेल लावून परत केली, तर त्यांनी ती घेतली नाही. "माझ्याने आता उचलत नाही, शेडमध्ये टांगून ठेवा, लागली तर मागेन," म्हणाल्या.

आता पुढच्या एप्रिलची तयारी. आमच्या गावात एक लोहार अजून भाता पेटवतो, तो एक फावड्याचं पान आणि दोन खुरपी घडवून देणार आहे. दांडा नेणार नाही, बॅगेत बसत नाही, तिथे ॲशचा घालू. विमानात तेवीस किलो चालतात. पान जुन्या लुगड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत तळाशी ठेवायचं असं ठरलंय. दोन किलो फावड्याचे गेले म्हणजे लाडू कमी करावे लागतील, त्यावरून नातू आत्ताच रुसला आहे. आणि काल लेकीचा फोन आला होता, शेजारच्या बाई विचारत होत्या, की त्यांच्यासाठीही एक खुरपं आणता येईल का, बसून वापरायचं ते, लहान मुठीचं.